सिंधू सिस्टरची मापं

माझ्या दंडाला सिंधू सिस्टर "कोंबडीची तंगडी" म्हणाल्या तेव्हा आमची ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. बरं, पेशंट मी नव्हतेच. माझ्या थोरल्या जाऊबाई, प्रमिलाताई, यांना छातीतल्या गाठीचा कॅन्सर निघाला होता, ऑपरेशन झालं होतं आणि पुढच्या केमोसाठी मी त्यांना घेऊन आले होते. मी नुसती सोबत. पण त्या खोलीत कुणीही बाईमाणूस शिरलं की सिस्टरांचा हात आपोआप खिशातल्या टेपकडे जायचा. मला म्हणाल्या, "शाळेत शिकवता ना? मग खडू तरी कसा उचलता तुम्ही, मास्तरीणबाई?" त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मास्तरीणबाई झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

आमच्या बुऱ्हाणपुरात राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तो दवाखाना होता. ट्रस्टचा, लहानसा, चार खोल्यांचा. कॅन्सरचे मोठे डॉक्टर बाहेरगावाहून दर सोमवारी यायचे. त्या वर्षांत दवाखाना सरकारी इस्पितळात मिसळायचं चाललं होतं. आज कपाट गेलं, उद्या टेबल येणार, परवा पाटी बदलणार, असा नुसता घोळ. त्या घोळात एकच गोष्ट जागची हलत नव्हती, ती म्हणजे सिंधू सिस्टर. बुटक्या, ठेंगण्या, डोळ्यांना जाड चष्मा, आणि आवाज असा की बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला आत काय चाललंय ते सगळं कळावं. सोमवारी सकाळी रस्त्यावरूनच ऐकू यायचं, "अवं माय, पुन्हा नुसता चहा-बिस्कुट खाऊन आली का तू? दूध घालायला काय झालं होतं पोटात?"

त्यांचं काम म्हणजे सुई देण्याआधी बायकांची मापं घेणं. (केमोला आमच्याकडे सगळे सुईच म्हणतात.) दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात काट्यावर उभं करतात, आकडा लिहितात, झालं. सिस्टरांचं तसं नव्हतं. त्या आधी खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर पेनाने ठिपका काढायच्या, तिथे शिंप्याची टेप गुंडाळून दंडाचा घेर घ्यायच्या. मग दंडाच्या मागची कातडी एका चिमट्यात धरून चरबी किती ते बघायच्या. मग हातात एक मुठीचं यंत्र देऊन "दाब, अजून दाब, सासूचा गळा समज" असं म्हणायच्या. शेवटी हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायला लावायच्या. आणि हे सगळं ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हाताचं. ज्या बाजूचं ऑपरेशन होतं तो हात पुष्कळदा सुजतो, आणि सुजलेला दंड बघून नवशिक्या माणसाला वाटतं की बाईने अंग धरलं. टेप त्या दरवर्षी दिवाळीनंतर नवी आणायच्या. जुनी ताणून ताणून लांबते म्हणे, मग ती खोटं बोलायला लागते.

"वजन म्हणजे बांधलेलं गाठोडं," त्या सांगायच्या. "आत काय बांधलंय, ते सोडून नको का बघायला?"

हा सोडून बघण्याचा नाद त्यांना कशाने लागला, ते त्यांनी मला एकदा स्वतःच सांगितलं. फोपनारची एक बाई होती. दर खेपेला तिचं वजन नीट भरायचं, पण तोंड मात्र उतरत चाललेलं. एका सोमवारी ती काट्यावर चढली आणि तिच्या कमरेतून काहीतरी धप्पकन खाली पडलं. बघतात तर किराणा दुकानातलं दोन किलोचं लोखंडी माप! लुगड्याच्या ओच्यात बांधून आणलेलं. शिवाय पायात चांदीचे जाड वाळे, ते वेगळेच. सिस्टर आधी पोट धरून हसल्या. मग त्यांनी विचारलं, "का वं बाई, हे कशाला?" तर ती बाई रडायला लागली. वजन घटलेलं दिसलं की डॉक्टर सुई बंद करतील आणि मरायला घरी धाडतील, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

सुईचा डोस ठरवताना उंची आणि वजन धरतात. म्हणजे मागच्या दोन खेपांना त्या बाईला त्या लोखंडाच्या हिशेबाने डोस गेला होता. सिस्टरांना हे उमगलं तसं त्यांचं हसू पळालं. त्या आपणहून डॉक्टरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, काटा मी बघितला, बाई नाही बघितली." डॉक्टर म्हणाले, एवढ्याने फार फरक पडत नाही, मनाला लावून घेऊ नका. पण सिस्टरांनी लावून घेतलं ते घेतलंच. पॉवरलूमवाल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी पातळ कापडाचा तागा आणला, त्याचे सारख्या मापाचे झगे शिवून घेतले, आणि मग काट्यावर चढणाऱ्या प्रत्येक बाईला, मग ती शेटाणी असो की मजुरीण, तोच झगा. दागिने काढून डब्यात. "इथे सगळ्या एका वजनाच्या कपड्यात," त्या बजावायच्या. फोपनारची ती बाई पुढे वर्षभरातच गेली. सिस्टरांनी हे सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, झग्यांच्या घड्या घालत होत्या.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते, त्यात शहाणपणाचं असं आमच्याकडून काहीच झालं नाही.

प्रमिलाताई निंबोल्याच्या. म्हणजे आमचं मूळ घर तिथे, मोठे भाऊजी तिथे केळीची बाग बघतात, मी आणि माझे मिस्टर नोकरीपायी शहरात. प्रमिलाताई आजारी पडल्या आणि आम्ही सगळे जण त्यांच्यावर प्रेम करायला लागलो. हो, असंच म्हणायला हवं. सकाळी तुपातला शिरा, दुपारी केळी, संध्याकाळी साबुदाण्याची खीर, वर साखरेचं दूध. आणि काम? नावच नको! पाण्याचा तांब्या उचलायला हात पुढे केला की चार जणी धावायच्या, "राहू द्या, राहू द्या ताई, तुम्ही पडून राहा." ज्या बाईने जन्मभर केळीचे घड डोक्यावरून वाहिले तिला आम्ही खाटेला बांधून टाकलं, फक्त दोर तेवढा नव्हता. आणि तिसऱ्या सुईनंतर वजन केलं तर काय, चार किलो वाढलेलं! भाऊजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते धावत जाऊन पेढे घेऊन आले आणि दवाखान्यात वाटायला लागले. एक पेढा सिस्टरांपुढेही धरला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि टेप काढली.

दंड मोजला. चिमटा लावला. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मुठीचं यंत्र दिलं, तर काटा जेमतेम हलला. खुर्चीतून प्रमिलाताई दोनदा उठल्या आणि तिसऱ्यांदा त्यांना उठताच येईना. मी भिंतीशी उभी होते. सिस्टरांनी प्रमिलाताईंच्या झग्याची नाडी स्वतःच्या हाताने बांधली, म्हणाल्या, "बसा हं ताई. दमलात. चहा सांगते तुमच्यासाठी." आणि बाहेर येऊन आमच्यावर फुटल्या.

"पेढे कशाचे वाटून राहिले तुम्ही? चरबीचे?"

भाऊजी गोंधळले. "पण सिस्टर, वजन वाढलं ना?"

"वजन वाढलं, अन् मांस गेलं! औषधाची सूज, वर तुमचा शिरा. आतलं जे झेलणारं असतं ना, ते तुम्ही झोपवून झोपवून संपवलं. अजून तीन सुया बाकी आहेत. त्या कशावर झेलायच्या तिने, पेढ्यांवर?"

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, तोही उतरलेला होता. सिस्टरांचे आकडे त्यांनी शांतपणे वाचले. अंगात मांस कमी असलं की हीच औषधं जास्त अंगावर येतात, कित्येक बायकांना कोर्स अर्धवट सोडावा लागतो, आणि सोडला की आजाराला रान मोकळं मिळतं, असं त्यांनी समजावलं. पुढची सुई त्यांनी आठवडाभर लांबवली. भाऊजींचा पारा चढला. "आठवडाभर रोग थांबणार आहे का आमच्यासाठी? ह्या बाईच्या टेपेपायी माझी बायको मरायची!" असं ते अख्ख्या दवाखान्यासमोर ओरडले. सिस्टर एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हत्या, पण तेव्हा त्या एक कागद घेऊन लिहायला लागल्या.

निघताना मी मागे रेंगाळले. हळूच विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. होतील ना तीन सुया पुऱ्या? वाचतील ना त्या?"

"मास्तरीणबाई, मी मापं घेते. पत्रिका नाही बघत," त्या म्हणाल्या आणि मला एक कागद दिला. त्यावर घट्ट वरण, ताक, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि उकडलेली अंडी. रोज बागेपर्यंत चालत जाऊन यायचं. चांगल्या हाताने पाण्याची बारकी कळशी उचलायची, ऑपरेशनच्या बाजूला फक्त शिकवलेला हलका व्यायाम. खाटेवर पडायचं ते रात्री.

अंडी! आमच्या निंबोल्याच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. सासूबाईंनी तर कानांवर हात ठेवले. पण जे भाऊजी सिस्टरांवर ओरडले होते तेच दुसऱ्या दिवशी बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत स्टोव्ह पेटवून अंडी उकडत बसलेले मी पाहिले. स्वतः सोलायचे, केळीच्या पानात गुंडाळायचे आणि प्रमिलाताई चालत बागेपर्यंत आल्या की त्यांच्या पुढ्यात ठेवायचे. चालल्याशिवाय अंडं नाही. घरी काही सांगायचं नाही. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेलेला तो माणूस बायकोला लपूनछपून अंडी खाऊ घालत होता, मला हसावं की रडावं कळेना.

खरी पंचाईत गल्लीतल्या लोकांची झाली. डोक्यावर एक केस नाही, तोंड सुकलेलं, आणि ही बाई कळशी घेऊन नळावर! समोरच्या शकुंतलाबाई सगळ्या गावभर सांगत सुटल्या, "काय माणसं आहेत, मरणाऱ्या बाईकडून पाणी भरवून घेऊन राहिले." माझ्या शाळेपर्यंत ते आलं. स्टाफरूममध्ये एक जण मला म्हणाली, तुम्ही शिकलेल्या ना हो? मी घरी येऊन रडले आणि सिस्टरांना जाऊन सांगितलं की हे आता माझ्याने होणार नाही, लोक थुंकतात आमच्यावर.

रविवारी सिस्टर बसने निंबोल्याला आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि समोरच्या शकुंतलाबाईंना हाक मारली, "या ना बाई, जरा बसा. ही खुर्ची घ्या. आता हाताची घडी घाला अन् पाच वेळा उठून दाखवा." शकुंतलाबाई चांगल्या भरल्या अंगाच्या. त्यांना वाटलं काहीतरी सरकारी तपासणी आहे. तीनदा उठल्या, चौथ्यांदा खुर्चीचा हात धरला. सिस्टरांनी प्रमिलाताईंना बसवलं. त्या हळूहळू, थांबत थांबत, पण पाची वेळा उठल्या. गल्लीत पंधरा-वीस माणसं जमली होती. सिस्टर म्हणाल्या, "आता मला सांगा, आजारी कोण?" असा काही हशा पिकला की शकुंतलाबाईंनासुद्धा हसावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच बाई कळशी घेऊन प्रमिलाताईंबरोबर नळावर जायला लागल्या. बडबड चालू होतीच, विषय तेवढा बदलला.

ते तीन महिने सोपे गेले असं मात्र कुणी समजू नये. चौथी सुई पार पडली. पाचवीनंतर एवढा ताप भरला की तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, तोंडात फोड, पाण्याचा घोट जाईना. मला वाटलं, संपलं. सिस्टर रोज ड्यूटी संपली की खाटेशी येऊन बसायच्या आणि चमच्याने ताक पाजायच्या. सहावी सुई झाली त्या दिवशी भाऊजींनी पेढ्यांचं नाव काढलं नाही. ते बागेतून केळ्यांची फणी घेऊन आले, सिस्टरांच्या टेबलावर ठेवली, हात जोडले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

त्याच सुमारास दवाखाना पुरता सरकारी इस्पितळात मिसळला. कॉम्प्युटर आला. त्यातल्या फॉर्मवर उंची आणि वजन एवढेच दोन रकाने. दंड, चिमटा, मूठ यांना जागाच नाही! सिस्टर ती मापं छापील कागदाच्या कडेला पेनाने लिहायला लागल्या. तिथला बाबू म्हणायचा, "सिस्टर, ये सब फालतू का है, सिस्टम में नहीं जाता." सिस्टर म्हणायच्या, "तो सिस्टम को बोल, बाजू हो जा," आणि लिहायच्या.

मग एक तरुण डॉक्टर आला, अभ्यासू, बारीक मिशीचा. त्याने ते कडेचे आकडे बघितले आणि त्याला घबाडच सापडलं. मोठ्या शहरांत म्हणे हल्ली स्कॅनमध्ये कमरेच्या जागी मांस किती, चरबी किती ते मोजतात, आणि त्यावरून कुणाला औषध झेपेल, कोण किती टिकेल याचा अंदाज बांधतात. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे आम्ही दंडावर करतो ते तुम्ही कमरेवर करता." त्याला सगळी जुनी रजिस्टरं हवी होती, पण सिस्टरांचं अक्षर त्याला लागेना. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मधेच काहीही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तीन दिवस बसून ती वाचून दाखवली.

चौथ्या दिवशी त्याने कॉम्प्युटरवर एक चित्र दाखवलं. नुसते ठिपके. खाली डावीकडे ज्यांचं मांस कमी त्यांचे, त्यातल्या बहुतेकींचा कोर्स अर्धवट राहिलेला. वर उजवीकडे बऱ्या असलेल्यांचे. तो उत्साहाने सांगत होता, "बघा सिस्टर, किती स्पष्ट दिसतंय!" सिस्टर चष्मा सारखा करून पुढे वाकल्या. एकेका ठिपक्याला विचारायच्या, "हा कोण?" तो नंबर सांगायचा, मी रजिस्टरात बघायचे. "ही फोपनारची. ही पोस्टातली, गाणं म्हणायची. ही... हिला लहान मुलगी होती." थोड्या वेळाने त्या खाली स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कामाच्या वेळी बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"हा एक मात्र वेगळाच आहे," डॉक्टर म्हणाला. अगदी डाव्या टोकाला, सगळ्यात कमी मापाचा, आणि तरी वर. कोर्स पूर्ण, पेशंट ठीक. "नोंद चुकली असणार. काढून टाकू का?"

"नोंद चुकली नाही," सिस्टर ताडकन म्हणाल्या. "मी दोनदा मोजलं होतं. राहू दे तो तिथे."

मी नंबर रजिस्टरात शोधला. नाव प्रमिलाताईंचं होतं. एवढं कमी माप होतं त्यांचं, फोपनारच्या बाईहूनही कमी, आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

यानंतर दोन-तीन वर्षांत सिस्टर रिटायर झाल्या. पुढे भाच्याकडे राहायला बाहेरगावी गेल्या आणि तिकडेच वारल्या, ते मला फार उशिरा कळलं. जाण्याआधी मात्र आम्ही दोघी जावा त्यांना भेटायला गेलो होतो. बांधाबांध चालली होती. प्रमिलाताईंचे केस पांढरे, पण दाट आले होते. सिस्टर थकल्या होत्या, भिंतीला धरून चालत होत्या. चहा झाला आणि त्या एकदम म्हणाल्या, "प्रमिला, तुला एक सांगायचं राहिलं. त्या पेढ्याच्या दिवशी मला वाटलं होतं, तू नाही वाचायची. मी घरी जाऊन जेवलेही नाही. इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलं नाही, पण तुझ्यापुढे खोटं वागल्यासारखं वाटतं मला." आणि त्या रडायला लागल्या.

प्रमिलाताईंनी कप खाली ठेवला. "मला त्याच दिवशी माहीत होतं, सिस्टर."

"कसं काय?"

"तुम्ही सगळ्यांना ओरडत होता. मला ओरडल्या नाहीत. चहा सांगितलात. ताई म्हणालात. मी म्हटलं, आपलं काही खरं नाही." मग म्हणाल्या, "म्हणून तर उठले मी. म्हटलं, ह्या बाईकडून पुन्हा एकदा शिव्या खायच्याच."

त्या एवढ्या घरभर माणसांत वाटीभर ताक पीत, कळशी उचलत, अंडी खात होत्या, आणि मनात हे घेऊन. आम्हाला कुणाला पत्ताही नव्हता.

निघालो. सिस्टर दाराशी आल्या, चौकटीला धरून उभ्या राहिल्या. आम्ही वळणापर्यंत पोचलो आणि मागून तो आवाज आला, सगळी गल्ली दारात यावी असा. "ए प्रमिले! तपासणी चुकवलीस तर तंगडी मोडीन तुझी! अन् ती चप्पल बघ केवढी झिजली, घसरून पडशील, अक्कल नाही का तुला? वाकून काय चालते, ताठ चाल ना वं!"

प्रमिलाताई मागे वळल्या नाहीत. पदर तोंडाला लावून, ताठ, त्या चालत राहिल्या, आणि त्या हसताहेत की रडताहेत ते मी विचारलं नाही.